ताई, तू एकोणीस दिवस आधी गेलीस

ताई, मी अजून रागावलेलोच आहे, हे आधी सांगून टाकतो. तेराव्याला आलेली मंडळी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "नंदू, गेलेल्या माणसावर राग धरू नये." त्यांचं काय जातं? त्यांना तू कधी शनिवारी पाच वाजता समोर बसवून गेल्या आठवड्यातले चहा मोजायला लावले नव्हतेस.

बाकी सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. किती शिस्तीची, किती सरळ, तिच्या सहीशिवाय ऑफिसात एक बिल पुढे सरकत नसे. मी खांबाला टेकून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, यादी अपुरी आहे. खडूस राहिलं. हट्टी राहिलं. सख्ख्या भावाची त्याच्या मुलीसमोर इज्जत काढणारी, हे तर कुणाच्याच तोंडून आलं नाही. म्हणून मी लिहायला बसलो. कुणीतरी खरं बोलायला हवं.

ग्वाल्हेरात थाटीपूरच्या तुमच्या घरात शिरलं की देवाच्या आधी वही दिसायची. चपलांच्या रॅकच्या वर खिळा, खिळ्याला सुतळीनं टांगलेली लांबट वही, वहीला बांधलेली पेन्सिल. नियम असा की बाहेरून आलेल्यानं आधी खर्च लिहायचा आणि मग चप्पल काढायची. "आत आलं की माणूस पाणी पितो, कूलरसमोर बसतो आणि विसरतो," तू म्हणायचीस. "पायात चप्पल आहे तोवर तो बाजारातच असतो." भाऊजी बिचारे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायचे, सवयीनं एक चप्पल काढायचे, मग दचकून दुसरी तशीच ठेवायचे आणि भिंतीला खांदा लावून लिहायचे: कोथिंबीर दहा, लिंबं वीस, टेम्पोचं भाडं दहा. तीस वर्षं. त्यांचा पुतळा कुणी उभारलाच तर तो असाच, एका चपलेवर उभा करावा लागेल.

आणि शनिवारचं वाचन. तुम्ही दोघंच घरात, पण थाट असा की जणू विधानसभा भरली आहे. पाकिटं पालथी करून नोटा आणि चिल्लर टेबलावर, आठवड्याचा जमाखर्च मोठ्यानं वाचायचा, आणि शिल्लक जुळेपर्यंत उठायचं नाही. 'किरकोळ' हा शब्द त्या घरात बंद होता. एकदा भाऊजींनी हिंमत करून 'किरकोळ, चाळीस' असं लिहिलं. मी तिथेच होतो. तू चष्मा नाकावर खाली घेतलास.

"किरकोळ म्हणजे काय हो?"

"म्हणजे, असंच. इकडे तिकडे."

"इकडे किती आणि तिकडे किती?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या चाळीस रुपयांचं काय झालं होतं ते सांगायला त्यांना वीस मिनिटं लागली, आणि त्यात निघालं काय, तर दोन समोसे. ते त्यांनी मधुमेहामुळे तुझ्यापासून लपवून खाल्ले होते. त्या दिवशी मला कळलं की तुझ्या वहीपुढे माणसाला पोटातलंही लपवता येत नाही.

मी मात्र तुझ्या राज्याबाहेरचा होतो, किंवा मला तसं वाटायचं. हजिऱ्यात माझं फ्लेक्स छापायचं दुकान. गावातले निम्मे वाढदिवस, सगळे पुढारी आणि बऱ्याचशा श्रद्धांजल्या माझ्या मशीनमधून बाहेर पडतात. लग्नसराईत पैसा असा येतो की पाकीट मिटत नाही, आणि पितृपक्षात मशीनवर धूळ बसते. अशा माणसानं रोज काय लिहायचं? पैसा आला की आपण राजे, गेला की आपण फकीर, आणि दोन्ही भूमिका मला चांगल्या जमतात. गणपतीत मंडळाच्या नाटकात मी उगीच पंचवीस वर्षं काम करत नाही. तू दर वेळी पहिल्या रांगेत बसायचीस आणि एकदाही टाळी वाजवली नाहीस. नाटक संपल्यावर येऊन विचारायचीस, "हा शेला भाड्याचा का विकतचा?"

आता त्या शनिवारबद्दल. गेल्या वर्षीचा मे महिना होता. मी केतकीला घेऊन तुझ्याकडे आलो होतो. पोरीचं बी.एस्सी. झालं होतं, इंदूरला एम.एस्सी.साठी नंबर लागला होता, आणि मी तुला सांगायला आलो होतो की या वर्षी जमणार नाही. वाक्य मी रस्त्याभर तयार केलं होतं. जड आवाजात, थोडं थांबून म्हणालो, "ताई, बापाचं मन आहे, पण पैसे कमी पडतात."

तुला गहिवर आला नाही. तू विचारलंस, "किती?"

"काय किती?"

"किती कमी पडतात?"

"बरेच."

"बरेच म्हणजे दहा हजार का दीड लाख?"

आणि मला माहीत नव्हतं. बावन्न वर्षांचा माणूस, वीस वर्षं दुकान चालवणारा, आणि आपल्या मुलीच्या फीला आपल्याकडे नेमके किती कमी पडतात हे मला सांगता येईना. तेवढ्यावर थांबली असतीस तरी चाललं असतं. पण तू रॅकवरची वही आणवलीस आणि तिची पेन्सिल केतकीच्या हातात दिलीस. "लिही ग तू. मी विचारते, बाबा सांगेल."

मग सुरू झालं. दुकानात सकाळचे चहा किती? जेवढे मित्र येतात तेवढे. रोज किती येतात? पाच-सात. बेडई-पुरीचा नाश्ता कोण देतं? आता माझ्या दुकानावर आल्यावर त्यांनी द्यायचा का? रोज? रोज कुठे, रविवारी दुकान बंद असतं. पान? दोन. दोन म्हणजे स्वतःचे दोन का वाटायचे धरून? मंडळाच्या नाटकाचा खर्च कोण करतं? वर्गणीतून होतो. आणि वर्गणी कमी पडली की? मग काय, मी आहेच. केतकी खाली मान घालून लिहीत होती. मग तिनं बेरीज केली, पुन्हा केली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, इतने में तो हॉस्टेल हो जाता."

आपल्याकडे टोमणे मराठीत असतात आणि भांडण हिंदीत. मी उठून उभा राहिलो आणि सरळ हिंदीत गेलो. "तू होती कौन है मेरा हिसाब लेने वाली? सारी उमर दूसरों की जेब में झाँकती रही." भाऊजी म्हणाले, "अरे नंदू, बस, सरबत घे." तू मात्र मराठी सोडली नाहीस. तू म्हणालीस, "पैसे कमी नाहीयेत रे. तुला ते माहीत नाहीयेत."

मी दार आपटून निघालो. फार चांगली एक्झिट होती. फक्त चौकात आल्यावर लक्षात आलं की मी भाऊजींच्या चपला घालून आलो आहे, आणि केतकी आतच राहिली आहे.

तुझं म्हणणं बरोबर होतं, हे मी तेव्हाही नाकारलं नसतं. माझं म्हणणं वेगळंच आहे. पोरीला चहा करायला आत पाठवून विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? तुझं उत्तर मला माहीत आहे. तू म्हणाली असतीस, "ती आत असती तर तू खोटं सांगितलं असतंस." सांगितलंही असतं. पण हे तू म्हणायला हवं होतं, मी त्यावर काहीतरी कडू बोलायला हवं होतं, आणि मग भाऊजींनी पुन्हा सरबत आणायला हवं होतं. हे भांडण अर्धवट सोडून जाणं तुला शोभलं नाही. हिशेबाची बाई तू.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी एक वही विकत घेतली. सुधारण्यासाठी नाही, सूड घेण्यासाठी. ठरवलं की एक वर्ष, एकही दिवस न चुकवता, सगळं लिहायचं. दुकानाच्या शटरशेजारी खिळा ठोकला, घरी चपलांजवळ दुसरा. वर्ष भरलं की पाच वाजता तुझ्या घरी जायचं, काही न बोलता वही टेबलावर ठेवायची आणि बाजूला उभं राहायचं. तू पानं उलटशील, चष्मा खाली घेशील, वर करशील, आणि तुला काहीही म्हणता येणार नाही. हा प्रवेश मी आरशासमोर बसवला होता. वही डाव्या हातानं ठेवायची की उजव्या, इथपर्यंत.

आता मजा ऐक. ही मजा मी तुझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि माझा खरा राग याच गोष्टीचा आहे.

पहिल्याच महिन्यात मी हादरलो. कमाई पंचावन्न हजारांच्या आसपास, आणि वहीत खर्च पंच्याऐंशी हजार. मला वाटलं, एखादा महिना असतो असा. दुसऱ्या महिन्यातही तेच. माझी झोप उडाली. म्हणजे इतकी वर्षं मी दर महिन्याला तीस हजार रुपये कुठून तरी खात होतो? कुणाचे? मी घाबरून हात आखडला. बेडई बंद. मित्रांना सांगितलं, डॉक्टरांनी चहा सोडायला सांगितला आहे. पान दोनावरून एकावर आणि मग शून्यावर. मंडळात जाहीर केलं की या वर्षी मी फक्त भूमिका करीन, तीही माझ्याच कपड्यांत जमेल अशी. सगळ्यांना वाटलं मला काहीतरी मोठा आजार झालाय. एक जण तर हळूच म्हणाला, "भाई, कुछ छुपा रहे हो क्या?"

आणि इतकं करून वही म्हणत होती की मी अजून बुडतोय, पण बँकेच्या खात्यात पैसे वाढत होते. तिसऱ्या महिन्यात ही तफावत इतकी झाली की मला बँकेचा संशय आला. मी वही घेऊन बँकेत गेलो, काउंटरवर जाऊन तक्रार केली की माझ्या खात्यात जास्तीचे पैसे आहेत, ते कुणाचे आहेत ते बघा.

काउंटरवर निवृत्तीला आलेल्या एक बाई होत्या. "पैसे ज़्यादा हैं, और आप शिकायत करने आए हैं?"

"जी."

"दिखाइए."

त्यांनी वही घेतली, दोन पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'एटीएम, पाच हजार.' "ये आपने खर्चे में लिखा है?"

"निकाले, तो लिखे."

"और फिर उसी पाँच हज़ार से सब्ज़ी ली, पेट्रोल भराया, वो भी लिखा?"

"लिखा."

"तो भैया, एक ही पैसा आपने दो बार खर्च किया."

ताई, मी तीन महिने माझाच पैसा दोनदा उडवत होतो, आणि दुसऱ्या वेळच्या भीतीनं पहिल्यांदा उडवणं बंद केलं होतं. शिल्लक जी होती ती खरी होती. चुकीच्या बेरजेनं साठलेली, पण खरी. मी बँकेच्या पायरीवर बसून हसलो. इतका हसलो की गार्डनं मला पाणी आणून दिलं. आणि हसता हसता मनात एकच होतं, की हे ताईला सांगायचं. कारण ही गोष्ट या शहरात तुला एकटीलाच पुरती कळली असती. बाकीचे हसतील, पण नेमकं कुठे हसायचं ते त्यांना कळणार नाही. तुला 'एटीएम, पाच हजार' एवढ्यावरच कळलं असतं. पुढचं मला बोलूच दिलं नसतंस. "मूर्खा," म्हणाली असतीस, आणि मला खात्री आहे, हसली असतीस. तुला हसवणं मला उभ्या आयुष्यात पाच-सहा वेळाच जमलं होतं.

तिथून थाटीपूर किती लांब होतं? पंधरा मिनिटं. मी स्कूटर काढली आणि घरी गेलो. वर्ष भरायचं होतं. पडदा आधी उघडून कसं चालेल?

भाऊबीजेला आलो होतो. न येऊन चाललं नसतं, आईच्या माघारी तेवढं तरी आपण टिकवलं होतं. तू पाट मांडलास, औक्षण केलंस, तोंडातून शब्द नाही. निरांजनाच्या पलीकडून तुझी ती नजर. मी तबकात पाकीट ठेवलं. तू भाऊजींकडे वळून म्हणालीस, "अहो, विचारा त्याला, पाकिटात किती आहेत ते तरी माहीत आहे का."

मी म्हणालो, "भाऊजी, त्यांना सांगा, पाचशे एक. आणि खिशात उरलेत दोनशे सत्तर."

भाऊजी मध्ये उभे. म्हणाले, "पाचशे एक म्हणतोय."

"ऐकलं मी. खिशातले कशाला सांगतोय?"

बघ, तेव्हा तुला शंका आली होती. तू माझ्याकडे सरळ पाहिलंस, त्या शनिवारनंतर पहिल्यांदा. अजून एक वाक्य विचारलं असतंस तर मी सगळं ओकून टाकलं असतं, बँकेच्या पायरीपर्यंत. आणि मी एक वाक्य बोललो असतो तर तू विचारलं असतंस. पण तू करंजीची ताटली पुढे सरकवलीस आणि मी ती खाल्ली, आणि दोघंही समजत राहिलो की आपण जिंकतोय.

आणि मग या मेमध्ये, माझं वर्ष भरायला एकोणीस दिवस उरले असताना, तू गेलीस. भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका वाढदिवसाचा फ्लेक्स लावत होतो. सकाळी छातीत दुखतंय म्हणालीस, दुपारी नाहीस. कुठे थांबायचं याची तुला कधी अक्कल नव्हती, हे मी रडत रडत भाऊजींना म्हणालो आणि ते "हो रे, हो रे" म्हणत राहिले.

स्मशानातही मी लिहिलं. लाकडं, तूप, फुलं, गाडीवाल्याचे. तळहातावर पेननं लिहीत होतो, कारण वही नेणं बरं दिसलं नसतं. एका नातेवाईकानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याला वाटलं हा रडायचं सोडून हिशेब करतोय. दोन्ही चाललं होतं.

वर्ष भरलं त्या दिवशी पाच वाजता मी तुझ्या घरी गेलो. ठरवल्याप्रमाणे. दुसरं कुठे जाणार? रॅकवरचा खिळा तसाच होता, वही नव्हती. भाऊजींनी पायजम्यावर जुना शर्ट घातला होता आणि ताटलीत पाकानं निथळणारी इमरती होती.

मी सवयीनं विचारलं, "कितीची आणलीत?"

"माहीत नाही." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर एक उजेड होता. "नोट दिली, जे परत मिळालं ते खिशात टाकलं. गिना भी नहीं."

"आणि तुमच्या साखरेचं?"

"नंदू, आता तू नको रे."

मी वही बाहेर काढली. सांगितलं, वर्षाची आहे, एक दिवस चुकलेला नाही, तिला दाखवायची होती, आता तुम्हाला वाचून दाखवतो, यात एक फार गमतीची गोष्ट आहे. भाऊजींनी हात पुढे करून वहीवर ठेवला. वही मिटलेलीच राहिली.

"या घरात आता वाचन नाही होणार."

आणि काय सांगू ताई, मी भाऊजींवर तुटून पडलो. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन कुणाकडे न मागता झालं ते कशावर? हे घर उभं राहिलं ते कशावर? तिनं लिहिलं नसतं तर आज तुम्ही कुठे असता? मी, जो वर्षभर तुला शिव्या घालत होतो, तो तुझ्या बैठकीत उभा राहून तुझी बाजू लढवत होतो, आणि तुझा नवरा इमरती खात होता.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "सगळं खरं आहे. मी कुठे नाही म्हणतो? पण मला कधी आवडलं नाही रे. ती वाचायची म्हणून मी लिहायचो. अब किसके लिए लिखूँ?" आणि त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, ते पाकासाठी होतं की कशासाठी, ते मी पाहिलं नाही.

म्हणजे बघ तू काय करून ठेवलंस. मी तुला हरवायला निघालो होतो. समोरची खुर्ची रिकामी, एकुलता एक साक्षीदार फितूर, आणि या ग्वाल्हेरात तुझ्या बाजूचा म्हणून जो एक माणूस उरला, तो मी. ही भूमिका मी मागितली नव्हती. मला तुझ्याविरुद्धचीच भूमिका शोभते, पन्नास वर्षांची तालीम आहे तिची. भाऊजींना मी त्याच दिवशी सांगितलं की दर शनिवारी पाच वाजता येईन, वही आणणार नाही, आपण पत्ते खेळू. ते म्हणाले, "पैसे लावून?" मी म्हणालो, लावून. तुला राग येईल, हे आमच्या दोघांच्याही मनात आलं असावं, कारण दोघंही एकदम हसलो.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना दिलं नाही. कुणासाठी लिहायचं हे मलाही ठाऊक नव्हतं. सूड तर संपला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, दूधवाल्याला पैसे दिले, आणि हात आपोआप खिळ्याकडे गेला. जुनी वही भरली होती म्हणून शेजारच्या दुकानातून नवी आणली आणि तिच्या पहिल्या ओळीत तिचीच किंमत लिहिली. कुणी पाहत नव्हतं. कुणाला दाखवायचंही नव्हतं.

केतकीचा यंदा पुन्हा नंबर लागला, जुलैत इंदूरला जाते आहे. पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेल, दोन्ही बाजूला काढून ठेवले आहेत. एवढं तुला कळलं तरी पुष्कळ झालं.

मग जुन्या वहीची वर्षाची बेरीज केली. एटीएमच्या ओळी लाल शाईनं खोडून केली, दोनदा केली, खिशातलं आणि खात्यातलं ताडून पाहिलं. आता तू विचारशील, एकूण किती, शिल्लक किती, जुळलं का, नसेल तर किती रुपयांनी चुकलं. विचारत बस. आकडा मी सांगणार नाही, ताई. ऐकायचा होता तर थांबायचं होतंस.